पत्ती सरळ होती

"ही पण वाकडी आहे," दादा म्हणाला आणि त्यानं क्लॅरिनेटवरची पत्ती काढून काचेवर टाकली.

सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. शटर मी अर्धंच वर घेतलं होतं, कारण एप्रिलात अकोल्याला त्या वेळेपासूनच रस्त्यावरची झळ आत यायला लागते. कूलर घरघरत होता. मी पत्ती उचलली, पालथी केली, उजेडाला धरली. टोकाला लहर होती, अगदी बारीक.

"हो," मी म्हणाले. "वाकली आहे ही."

"काल सरळ होती."

"होती."

"मग रात्रीत काय झालं?"

रात्रीत काय झालं ते मला माहीत होतं. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दादा रियाज करून तिथंच कूलर लावून झोपला होता. आणि पत्त्यांची डबी मी उघडीच कूलरसमोरच्या फळीवर ठेवून आत गेले होते. कूलरमधलं पाणी कधीतरी संपलं आणि तो सकाळपर्यंत कोरडी गरम हवा फेकत राहिला. मी ते कबूल केलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि मग दुसरीकडे बघायला लागला.

क्लॅरिनेटची पत्ती म्हणजे बोरूसारख्या वेताची बोटभर लांब चिरफळी. टोकाशी ती नखाहून पातळ असते. तोंडात धरून फुंकली की ती थरथरते, आणि त्या थरथरण्यातून सूर निघतो. एका अंगानं लवकर वाळली की वाकते. मग तिच्याखालून हवा निसटते, सूर चिरकतो, कधी नुसतं फुस्स होतं. आमच्याकडे तेव्हा चांगल्या पत्त्या सहज मिळत नसत. मुंबईहून कोणी आणल्या तर डबी जपून वापरायची. त्या डबीत सात होत्या.

आणि संध्याकाळी साडेसातला कार्यक्रम होता. ठोसरांच्या ऑर्केस्ट्रात दादा नऊ वर्षं वाजवत होता, त्याआधी लग्नाच्या बँडमध्ये. बेचाळीस वर्षांचा झाला होता. त्या दिवशी मुंबईहून एक गृहस्थ खास त्याला ऐकायला येणार होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगसाठी वादक जमवणारे. कोणीतरी त्यांना दादाची कॅसेट ऐकवली होती. ठोसरांनी कार्यक्रमात दादाला दोन गाणी एकट्याला दिली होती, नुसती क्लॅरिनेटवर. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"दे इकडे," मी म्हणाले. "तासाभरात सरळ करून देते."

हे काम मला बाबांनी शिकवलं होतं. दादाला त्यांनी वाजवायला शिकवलं आणि मला दुरुस्ती. लग्न होऊन दोन वर्षांत मी परत आले, तेव्हापासून त्यांच्या शेजारी त्याच बाकावर बसत होते, आणि ते गेल्यावर दुकान मीच चालवत होते. वाजवायचं ते वाद्य नीट झालं की नाही हे कळण्यापुरतं. गाणं दादाचं.

मी वाटीत कोमट पाणी घेतलं. दोन्ही वाकलेल्या पत्त्या त्यात टाकल्या, दहा मिनिटांनी काढल्या, काचेवर पालथ्या ठेवल्या आणि अंगठ्यानं टोकाकडे दाबत नेल्या. लहर मावळली. बुडाला किंचित पोकळी राहिली होती ती बारीक पॉलिश पेपरवर घासून घेतली. मग पत्ती वाद्याच्या तोंडावर बसवली, पितळी कडीनं आवळली, खालचं तोंड तळहातानं बंद केलं आणि आतली हवा ओढून घेतली. पत्ती चिकटून राहिली. मनात तीन मोजले, तेव्हा टप् करून सुटली. हवा कुठूनही जात नाही याची ती खूण. दुसरीही तशीच.

"बघ," मी म्हणाले.

दादानं वाद्य घेतलं. पहिलाच सूर चिरकला. त्यानं पुन्हा फुंकलं. खाली फुस्स असा आवाज आला आणि सूर अर्ध्यात तुटला.

"वाकडी."

"दादा, आत्ता तुझ्यासमोर तपासली."

"हवा जातेय. ऐकू येत नाही तुला?"

येत होती ऐकू. म्हणून तर मी गोंधळले. मी डबीतल्या दुसऱ्या काढल्या, ज्या वाकल्याच नव्हत्या. एकेक भिजवली, तपासली, त्याला दिली. पाचही त्यानं परत टाकल्या. शेवटची बसवताना कडीचा स्क्रू त्याला फिरवता येईना, तेव्हा मी हात पुढे केला. त्यानं माझा हात झटकला आणि पत्ती खाली पडली. उचलायला वाकला तर त्याचाच पाय तिच्यावर पडला. टोक फुटलं.

"झालं समाधान?" मी म्हणाले.

तेवढ्यात सिंधूवहिनी आतून आली. तिच्या हातात दादाचा पांढरा शर्ट होता, संध्याकाळचा. "द्वारकाताई, यांना विचारा, काय झालंय यांना. सकाळी कप तोंडाला लावला आणि सगळा चहा अंगावर. अंगावरचा शर्ट भिजवून आले मी, आता हा इस्त्रीला पाठवते."

"घाबरलाय तो," मी म्हणाले. "त्याचा राग माझ्या पत्त्यांवर."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "घाबरलो... नाही," तो म्हणाला. शब्द तोडून तोडून बोलला. रागात तो नेहमीच तसा बोलायचा.

मी पायांत चपला घातल्या. तिथं थांबले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायला वेळ नव्हता. पलीकडच्या भागात हारूनभाई राहायचे. बाबांच्या वेळचे क्लॅरिनेटवाले, आता सत्तरीचे, पण डबी भरलेली ठेवत. डोक्यावरून पदर घेऊन मी रिक्षा केली. मोर्णेच्या पुलावर वाऱ्यानं तोंड भाजत होतं. वाटेत एक लाकडांचा ट्रक आडवा झाला होता, तिथं पाऊण तास गेला. रिक्षावाला उतरून बिडी ओढत उभा राहिला. मी पदरानं वारा घेत बसले आणि मनातल्या मनात दादाशी भांडत राहिले. डबी उघडी राहिली ती माझी चूक. पण त्या दोनच पत्त्या होत्या आणि त्या मी सरळ केल्या. मग हवा कुठून जाते? माझा अंगठा चुकला का? काचच वाकडी आहे का? बाबांची काच होती ती.

हारूनभाई जेवून आडवे झाले होते. माझं ऐकून उठून बसले. मी बरोबर नेलेल्या दोन्ही पत्त्या त्यांनी चष्मा लावून बघितल्या, नखावर टेकवून बघितल्या, उजेडात फिरवल्या.

"यात काय वाईट आहे?" ते म्हणाले.

"दादा म्हणतो हवा जाते."

"तू काय म्हणतेस?"

"मी तपासल्या. सरळ आहेत."

"मग सरळ आहेत." त्यांनी पत्त्या माझ्या हातात परत ठेवल्या. "तुळशीरामची पोरगी तू. पत्ती बघायला माझ्याकडे कशाला आलीस?"

मला बरं वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. दादाचा. हारूनभाईंनी तरीही आपल्या वापरातली एक पत्ती काढून दिली. म्हणाले, "ही दोन वर्षं माझ्याजवळ आहे. हिला तो वाकडी म्हणाला, तर मला येऊन सांग."

घरी आले तर दादा नव्हता. वहिनी म्हणाली, ठोसरांची गाडी येऊन घेऊन गेली, थिएटरवर तालीम आहे. "जेवले नाहीत. घास तोंडातच घोळवत होते आणि ताट सारून उठले." मी पाणीसुद्धा न पिता तशीच निघाले.

थिएटरात चार वाजून गेले होते. आत पंखे सुरू होते पण हवा तीच फिरत होती. रंगमंचावर वायरी पसरलेल्या. ठोसर टॉवेलनं मान पुसत फेऱ्या मारत होते. गाणारी मुलगी एका खुर्चीत, ढोलकीवाला बाजूला, आणि मधोमध स्टुलावर दादा, मांडीवर क्लॅरिनेट आडवं.

"द्वारकाताई, आल्या एकदाच्या," ठोसर म्हणाले. "काहीतरी करा बाप्पा. पाहुणे पाचच्या गाडीनं येऊन राहिले. देविदासभाऊ म्हणतात पत्त्या खराब हायेत."

मी हारूनभाईंची पत्ती काढली. कोणाची आहे ते सांगितलं. बाटलीतलं पाणी झाकणात घेऊन भिजवली, स्वतः वाद्यावर बसवली, स्वतः कडी आवळली. दादानं वाद्य तोंडाला लावलं. सगळे बघत होते.

चिरकलं.

त्यानं गाल फुगवला, पुन्हा फुंकलं. फुस्स. गाणाऱ्या मुलीनं ओठ दाबले. ती हसली असं मला वाटलं. हसली नसेलही.

"वाकडी," दादा म्हणाला.

"ही हारूनभाईंची आहे."

"तूच... हिनं..." तो ठोसरांकडे वळला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिनं वाळवल्या. सगळ्या. कूलरपुढे."

तेवढंच म्हणाला. पण चारचौघांत म्हणाला. ठोसरांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. नऊ वर्षं ते आपली वाद्यं माझ्याकडे पाठवत होते. त्या शहरात माझ्याजवळ दुसरं काय होतं? माझं घर मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. बिघडलेलं वाद्य द्वारकाबाईकडे गेलं की सुधारून येतं, एवढीच माझी ओळख होती.

मी लाकडी पायऱ्या चढून त्याच्यापुढे गेले. "दे," म्हणाले. त्यानं दिलं नाही. मी त्याच्या हातातून क्लॅरिनेट ओढून घेतलं. सहज निघून आलं.

नुसती सरगम वाजवून खाली ठेवायचं असं ठरवलं होतं. पण तोंडाला लावलं आणि महिनाभर कानावर पडत असलेलं त्याचं पहिलं गाणं बाहेर आलं. मुखडा, मग अंतऱ्याआधीचा तो लांब तुकडा, जो तो एका श्वासात घ्यायचा. मी दोन श्वासांत घेतला. दुसऱ्या ओळीला ढोलकीवाल्यानं थाप धरली. सूर त्या रिकाम्या थिएटरात मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि कुठं म्हणून फाटला नाही. मी कधीच कोणासमोर असं वाजवलं नव्हतं. कडवं संपवूनच थांबले.

ठोसरांचा टॉवेल खांद्यावर तसाच राहिला होता.

मी दादाकडे वळले. "पत्ती सरळ आहे," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता बोल."

त्यानं तोंड उघडलं. "प," असा आवाज आला. थांबला, आणि पुन्हा, "प." पुढचं येईना. तो माझ्याकडे बघत होता. आणि तेव्हा, दिवसभरात पहिल्यांदा, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. डावा कोपरा हलत होता. उजवा हलत नव्हता. उजवीकडचा ओठ खाली आला होता आणि तिथून लाळेची बारीक रेघ हनुवटीवर उतरली होती. त्यानं ती पुसायला हात उचलला. हात मांडीवरून वर आलाच नाही.

माझ्या हातात क्लॅरिनेट तसंच होतं. ते कोणी घेतलं, दादाला कोणी उचललं, मला नीट आठवत नाही. ठोसरांच्या गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता आणि मी "बोलू नको, बोलू नको" म्हणत होते.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं दादाचे हातपाय उचलून बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली, मग मला बाहेर बोलावलं.

"कधीपासून होतंय?"

"आत्ता, पाच वाजता."

"त्याआधी काही? हातातून वस्तू पडणं, बोलताना अडखळणं, खाताना सांडणं?"

मी मग सांगायला लागले. चहा, कडीचा स्क्रू, खाली पडलेली पत्ती, तोडून तोडून बोलणं, तोंडात घोळणारा घास. एकेक सांगत गेले तसतसं माझं मलाच ऐकू यायला लागलं. ओठ नीट मिटत नव्हते. हवा तिथून जात होती.

"म्हणजे सकाळपासून," तो म्हणाला. "डोक्यात रक्ताची गाठ अडकली आहे. हळूहळू वाढत गेलं."

"सकाळी आणलं असतं तर?"

"फरक पडला असता, असं मी सांगू शकत नाही. नसता पडला, असंही नाही."

सात पत्त्या मी दिवसभर उजेडाला धरून बघितल्या होत्या. नखावर, काचेवर, अंगठ्याखाली. चूक माझी नाही हे सिद्ध करायला अख्खं शहर ओलांडून गेले होते आणि ते सिद्धही केलं होतं, चार माणसांसमोर. वहिनी बाकावर बसली होती. इस्त्रीचा शर्ट कागदात गुंडाळलेला तिच्या मांडीवर होता. तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कार्यक्रम झाला, क्लॅरिनेटशिवाय. मुंबईचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन दादाच्या उशाशी पाच मिनिटं उभे राहिले आणि गेले.

दादा वाचला. महिन्याभरानं घरी आला. हळूहळू काठी घेऊन चालायला लागला, बोलणं निम्मंअधिक परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र परत आली नाहीत, आणि ओठ तसाच राहिला. तो दुकानात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचा. त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही आणि मीही नाही. दुरुस्तीला आलेलं क्लॅरिनेट मी त्याच्यासमोर वाजवून बघत नव्हते. मागच्या गल्लीत एक लाकडाची वखार होती, तिथं नेऊन तपासून आणायची. वखारवाला म्हणायचा, बाई, घरी काय झालं? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. एका बँडवाल्याचं क्लॅरिनेट नीट करून मी पिशवीत घातलं आणि उठले.

"कुठं?" दादानं विचारलं.

"येते जरा."

"वखारीत?"

मी तिथंच उभी राहिले. त्याला कसं कळलं, कोणी सांगितलं, मी विचारलं नाही.

"इथं... वाजव," तो म्हणाला.

"नको दादा."

"वाजव."

मी बसले. वाद्य जोडलं. पत्ती भिजवली. म्हटलं, सरगम वाजवून ठेवून देऊ.

"ते नाही," तो म्हणाला. "ते... त्या दिवसाचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, त्या दिवशी मी तुझ्याकडे बघायला हवं होतं. पत्तीकडे बघत बसले."

त्यानं डावा हात हवेत हलवला, माशी हाकलावी तसा. हे ऐकायला तो थांबलाच नव्हता. "चुकलीस तू," तो म्हणाला. "तिथं."

"हो. माहीत आहे मला."

"नाही." तो चिडला. शब्द सापडत नव्हता, म्हणून खुर्चीच्या हातावर बोटांनी ठोकत राहिला. मग एकदम सापडला. "नी. नी चुकलीस. अंतऱ्याआधी. कोमल लावलास. तिथं... शुद्ध आहे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी, अर्धं अंग जात असताना, तो ते ऐकत होता. सहा महिने ते डोक्यात ठेवून बसला होता.

"मी शुद्धच लावला होता," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

त्यानं मान हलवली. नाही.

मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि तो तुकडा वाजवला. निषादावर आले तेव्हा माझं मलाच कळलं. कोमल होता. महिनाभर रोज ऐकूनही मी तो चुकीचाच लक्षात ठेवला होता, आणि त्या थिएटरात कोणाला कळलं नव्हतं, ठोसरांनाही नाही.

"परत," दादा म्हणाला.

मी परत वाजवलं. या वेळी शुद्ध लावला. तो डोळे मिटून ऐकत होता. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. संपल्यावर त्यानं डोळे उघडले.

"श्वास," तो म्हणाला. "दोन घेतलेस. एकात घे."

आतून वहिनी दाराशी येऊन उभी राहिली होती. मी पत्ती पुन्हा ओली केली.